हर्णैच्या किनाऱ्यावरून वेलस्लीकडे पाहताना

आर्थर वेलस्ली, म्हणजेच पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, याची चरित्रे इंग्रजीत कितीतरी झाली. बहुतेकांचा साचा एकच आहे. डब्लिनमधल्या सरदार घराण्यातला दुर्लक्षित धाकटा मुलगा, हिंदुस्थानातली उमेदवारी, मग स्पेन-पोर्तुगालचे युद्ध, १८ जून १८१५ चे वॉटर्लू, आणि शेवटी पंतप्रधानपद. या मांडणीत हिंदुस्थान हे पहिले प्रकरण असते आणि ते लवकर संपते. नेपोलियनही त्याला शिपायांचा सेनापती म्हणून हिणवत असे. मराठीत त्याचे नाव आले की असईची लढाई आठवते, दोन ओळींत तिची तारीख सांगितली जाते आणि विषय मिटतो. त्याच्या चरित्राच्या निमित्ताने मला वेगळी बाजू मांडायची आहे. वेलस्लीचे खरे मोठेपण रणांगणावर घडले नाही. ते घडले रसद, पगार, वचन आणि वाटाघाटी यांच्या हिशेबात, आणि हा हिशेब त्याने आपल्या मुलखात, आपल्याच राज्यकर्त्यांच्या चुकांवर पक्का केला. म्हणून त्याचे चरित्र ही मराठी राज्याच्या अखेरच्या वर्षांची एका बाहेरच्या माणसाने घेतलेली झाडाझडती आहे. ती वाचायला कडू आहे, पण टाळण्यासारखी नाही.

या गोष्टीची सुरुवात असईला होत नाही, ती रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर होते. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. दुसरे बाजीराव सिंहगड, रायगड, महाड असे उतरत हर्णैला आले आणि सुवर्णदुर्गाच्या आश्रयाला राहिले. आदल्याच वर्षी त्यांनी यशवंतरावांचे भाऊ विठोजी होळकर यांना हत्तीच्या पायी दिले होते, त्यामुळे यशवंतरावांशी तडजोडीची वाट त्यांनी स्वतःच बुजवून टाकली होती. हर्णैहून इंग्रजांच्या मदतीने ते समुद्रमार्गे निघाले, डिसेंबरच्या मध्यास वसईला पोचले आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्यांनी तहावर सही केली. निदान सहा हजार पायदळाची तैनाती फौज, तिच्या खर्चासाठी २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख, इंग्रजांच्या संमतीशिवाय परराज्यांशी व्यवहार न करण्याचे बंधन, असा तो तह होता. ज्या सुवर्णदुर्गाच्या सावलीत हे पलायन घडले, तो किल्ला १७५५ साली पेशव्यांनीच इंग्रज आरमाराला सोबत घेऊन तुळाजी आंग्र्यांकडून जिंकला होता, आणि त्या मैत्रीचा मोबदला म्हणून जवळचे बाणकोट इंग्रजांना मिळाले होते. म्हणजे स्वकीयांचे पारिपत्य करण्यासाठी परक्या जहाजांना बोलावण्याचा पहिला धडा याच पट्ट्यात गिरवला गेला होता. वेलस्ली या वेळी म्हैसूरच्या मुलखात होता. आपल्याला पुण्याला जावे लागणार हे त्याने आधीच ओळखले होते आणि तो धान्य साठवत होता.

इथे नाना फडणविसांची आठवण होणे अपरिहार्य आहे. त्यांचे मूळ गाव वेळास, बाणकोटला अगदी लागून. १३ मार्च १८०० रोजी नाना गेले, आणि अडीच-तीन वर्षांत पेशवा इंग्रजांच्या जहाजात बसला. बाजीरावांचे वडील रघुनाथराव यांनीही १७७५ साली सुरतेला इंग्रजांशी असाच तह केला होता. इंग्रज तेच, मागणी तीच, घराणेही तेच. पण त्या खेपेला १७७४ मध्येच बारभाईंनी रघुनाथरावांना कारभारातून दूर केले होते, नाना आणि महादजी शिंदे मतभेद ठेवूनही एकत्र उभे राहिले, आणि परिणाम झाला वडगाव व सालबाईचे तह. सुरतेच्या तहाने इंग्रजांच्या हाती फारसे काही लागले नाही, वसईच्या तहाने जवळजवळ सगळे लागले. इंग्रजांची तोफ पंचवीस वर्षांत एवढी सुधारली नव्हती. बदलले होते ते पुणे. वेलस्लीच्या यशाची चिकित्सा करताना हा फरक पहिल्याने लक्षात घ्यायला हवा, कारण तो सोडला की उरते ती केवळ एका असामान्य सेनापतीची कथा, आणि ती आपल्याला काहीच शिकवत नाही.

माणूस कसा होता? १७६९ साली आयर्लंडमध्ये जन्म, वडील अर्ल ऑफ मॉर्निंग्टन, ते १७८१ मध्ये वारले. ईटनमध्ये थोडी वर्षे, मग फ्रान्समधल्या आंजे येथे घोडेस्वारीचे शिक्षण. सैन्यातली बढती त्या काळी पैसे मोजून विकत मिळे. १७९३ मध्ये थोरल्या भावाच्या पैशांवर तो ३३ व्या पलटणीचा लेफ्टनंट कर्नल झाला. त्याआधीच, १७९० पासून, तो आयर्लंडच्या पार्लमेंटात ट्रिम या मतदारसंघाचा सभासद होता. ही बाब इंग्रज चरित्रकार ओझरती सांगतात, मला ती महत्त्वाची वाटते. सैनिक होण्याच्या आणि राजकारणी होण्याच्या दोन वाटा त्याने बरोबरीने चालायला सुरुवात केली, आणि या दोहोंत फारकत आहे असे त्याला कधी वाटले नाही. १७९४-९५ ची फ्लँडर्सची मोहीम त्याने पाहिली. तिथे इंग्रज फौज शत्रूपेक्षा थंडी, उपासमार आणि वरिष्ठांची बेपर्वाई यांनी अधिक मेली. १७९७ मध्ये तो कलकत्त्याला उतरला तेव्हा युद्धाबद्दलचे त्याचे पहिले शिक्षण हे असे उपाशी सैन्याचे होते.

दुसरे शिक्षण श्रीरंगपट्टणला झाले. ५ एप्रिल १७९९ च्या रात्री सुलतानपेठच्या झाडीत, जागा न पाहता केलेल्या हल्ल्यात त्याची फजिती झाली. टिपू पडल्यावर शहराचा ताबा जनरल बेअर्डला डावलून त्याच्याकडे आला. भाऊ रिचर्ड गव्हर्नर जनरल होता, हे त्यामागचे कारण उघड आहे. पण तिथे त्याने जे केले ते भावाच्या वशिल्याने होण्यासारखे नव्हते. टिपूच्या राज्यातले अमृतमहाल जातीचे बैल, त्यांची पैदास, त्यांचा चारा, त्यांचा दर दिवसाचा पल्ला, यांच्यात त्याने मन घातले. एक तोफ ओढायला किती बैल लागतात, मेलेल्या बैलाच्या जागी दुसरा किती दिवसांत येतो, बंजाऱ्यांचा तांडा आगाऊ रक्कम घेऊन खरोखर धान्य आणतो की वाटेत विकतो, नदीला पूर असताना माणसे कशी उतरवायची, ही त्याच्या पत्रांतली रोजची चर्चा. मराठ्यांशी युद्ध झालेच तर ते पावसाळ्यात सुरू करावे, असे त्याचे मत होते. नद्या भरल्या की मराठी घोडदळ अडते, आणि आपण कातड्याने मढवलेल्या वेताच्या नावा सोबत ठेवल्या तर आपण अडत नाही, हा त्यामागचा विचार. ज्या पावसाळ्यात मराठी फौजा छावणीत बसत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करीत, तोच पावसाळा त्याने हत्यार म्हणून वापरायचे ठरवले. आपल्या मुलखाचे ऋतुमान एका परक्या माणसाने इतके बारकाईने वाचावे, आणि दौलतराव शिंद्यांच्या दरबाराला त्याचा पत्ता नसावा!

तिसरे शिक्षण माणसांचे. १८०० मध्ये धोंडजी वाघ या बंडखोराचा पाठलाग करीत तो पेशव्यांच्या दक्षिणेकडील मुलखात शिरला. धोंडजीने धोंडोपंत गोखल्यांना ठार केले होते, त्यांचा पुतण्या बापू गोखले सूडासाठी पेटला होता. पटवर्धनही या मोहिमेत आले. १० सप्टेंबर १८०० रोजी धोंडजी पडला, आणि त्याच्या लहान मुलाची जबाबदारी वेलस्लीने स्वतःवर घेतली. पण मोहिमेपेक्षा मोठा लाभ असा झाला की पेशव्यांच्या सरंजामदारांची नाराजी त्याने जवळून पाहिली. बापू गोखले रत्नागिरी जिल्ह्यातल्या तळेखाजणचे, पटवर्धनांचे मूळ गाव कोतवडे. कोकणातून घाटावर गेलेली, कर्तृत्वावर सरंजाम मिळवलेली ही घराणी बाजीरावांच्या कारभाराला विटली होती. आपला सरंजाम उद्या राहील की जाईल याची त्यांना खात्री नव्हती. वेलस्लीने त्यांना ती खात्री देऊ केली. १८०३ च्या वसंतात तो पुण्याकडे निघाला तेव्हा हे सरदार घोडदळासह त्याच्या बरोबर होते. बाजीरावांचे दत्तक भाऊ अमृतराव पुणे जाळणार अशी खबर येताच त्याने घोडदळ घेऊन सुमारे ६० मैलांची मजल दीड दिवसाच्या आत मारली आणि २० एप्रिलला शहर गाठले. पुण्यापर्यंतच्या वाटेत त्याला लढावे लागले नाही. गावांत धान्य रोख पैसे देऊन घेतले जात होते, लुटीला मनाई होती, आणि ज्यांनी अडवायचे तेच सोबत चालत होते. युद्धाचा निम्मा निकाल इथेच लागला, असे माझे स्पष्ट मत आहे.

यावर पहिला आक्षेप असईचाच येईल. २३ सप्टेंबर १८०३ ची ती लढाई बैलांनी आणि धान्याने जिंकली का? प्रश्न रास्त आहे. त्या दिवशी वेलस्लीचा अंदाज चुकला होता. कर्नल स्टीव्हन्सनची तुकडी दुसऱ्या वाटेने गेली होती, दोघांनी मिळून २४ तारखेला हल्ला करायचा होता, आणि वसईच्या तहाविरुद्ध उभी राहिलेली शिंदे-भोसल्यांची फौज अपेक्षेपेक्षा कितीतरी जवळ निघाली. त्याच्या हाताशी लढणारे साडेचार हजारांच्या आसपास. समोर शिंद्यांचा युरोपीय सेनानी पोलमन याच्या हाताखालचे दहा हजारांहून अधिक कवायती पायदळ, शंभराच्या आसपास तोफा आणि अफाट घोडदळ. केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात मराठी फौज उभी होती. वाटाडे म्हणत होते की जवळपास उतार नाही. वेलस्लीने पाहिले की केळणेच्या दोन तीरांवर पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावे समोरासमोर वसली आहेत. दोन गावे अशी समोरासमोर असतील तर मध्ये पाण्यातून येजा असणारच, एवढ्या साध्या तर्कावर त्याने सैन्य तिकडे वळवले, आणि उतार सापडला. पण पोलमनच्या पलटणींनी तोफांसकट आपली आघाडी काटकोनात फिरवून त्याच्यासमोर आणली. हे काम युरोपातल्या उत्तम सैन्यालाही सहज जमले नसते. गोलंदाज तोफांपाशी मेले. काहींनी मेल्याचे सोंग घेऊन, शत्रू पुढे गेल्यावर, त्याच तोफा त्याच्या पाठीवर डागल्या. वेलस्लीच्या मांडीखालचे दोन घोडे गेले. त्याची १५८४ माणसे मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली, म्हणजे लढलेल्यांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा. म्हातारपणी, लढाईतली तुमची सर्वांत चांगली कामगिरी कोणती, असे विचारल्यावर त्याने असईचे नाव घेतले, वॉटर्लूचे नाही.

म्हणून असईचा दिवस शौर्याचा होता हे मी मान्यच करतो, दोन्ही बाजूंच्या शौर्याचा. पण एवढी हानी सोसूनही वेलस्ली उभा राहिला आणि शिंदे उभे राहिले नाहीत, याचे उत्तर त्या दिवसात सापडत नाही. त्याचे जखमी अजिंठ्याला नेऊन तिथे इस्पितळ उभे राहिले, अहमदनगरचा किल्ला त्याने १२ ऑगस्टलाच घेतला असल्यामुळे मागे कोठार होते, आणि शिपायांचा पगार चालू होता. शिंद्यांच्या ९८ तोफा गेल्या त्या परत भरून आल्या नाहीत. अफाट घोडदळाने त्या दिवशी पायदळाला मरू दिले, कारण घोडा मेला तर शिलेदाराला तो कोण भरून देणार हा प्रश्न होता, आणि थकलेल्या पगाराच्या दरबाराकडून त्याची आशा कुणालाच नव्हती. वेलस्लीच्या सैन्यातही बहुसंख्य माणसे हिंदीच होती, मद्रासच्या पलटणींतली. रक्त आणि वंश यांवर निकाल लागला असता तर तो असा लागला नसता.

दुसरा आक्षेप आपल्याकडे अधिक ऐकू येतो, तो फितुरीचा. शिंद्यांच्या नोकरीतले इंग्रज अधिकारी गव्हर्नर जनरलच्या जाहीरनाम्यानंतर सोडून गेले, उत्तरेत शिंद्यांचा फ्रेंच सेनापती पेराँ याने हात वर केले, मग आपले सैन्य डोक्याविना उरले. यात तथ्य आहे. पोलमनही पुढे कंपनीच्या चाकरीत गेला. मात्र या आक्षेपाने दोष हलका होत नाही, जड होतो. ज्या राज्याने आपले उत्तम पायदळ आणि तोफखाना अशा माणसांच्या हाती दिला, ज्यांना या भूमीत ना वतन, ना घर, ना पुढच्या पिढीची आशा, त्या राज्याने फितुरीला आमंत्रण दिले होते. महादजींच्या हयातीत हे अधिकारी निष्ठेने राहिले, कारण महादजी स्वतः सैन्याचे धनी होते. दौलतरावांच्या वेळी ती जागा रिकामी होती. आणि १८०३ मध्ये होळकर अलिप्त राहिले, त्याला तर कुणी परकीय अधिकारी कारण नव्हता.

माझ्या मताला सर्वांत भक्कम पुरावा स्वतः होळकरच देतात. १८०४ च्या पावसाळ्यात कर्नल मॉन्सनची इंग्रज फौज मुकुंदराच्या खिंडीतून आग्र्याकडे पळत सुटली आणि वाटेत उद्ध्वस्त झाली. शिस्त तीच, बंदुका त्याच, मॉन्सन शूरही होता. वेलस्लीने त्या पराभवाची चिकित्सा करणारे पत्र लिहिले, ते या चरित्राच्या वाचकाने अवश्य लक्षात ठेवावे. पुरेसे धान्य नव्हते, नद्यांवर नावा नव्हत्या, आणि शत्रूवर वेळीच चाल केली नाही, असा त्याचा निष्कर्ष. पुढच्याच वर्षी इंग्रज सेनापती जनरल लेकला भरतपूरच्या तटाखाली चार वेळा माघार घ्यावी लागली. इंग्रज अजिंक्य होते ही समजूत खुद्द त्यांच्या सर्वोत्तम सेनापतीला मान्य नव्हती. ती आपल्याकडच्या पराभूत मनाने तयार केली.

आता वशिल्याचे. भावाने त्याला पुढे आणले, २६ जून १८०३ रोजी दक्षिणेतले लष्करी आणि राजकीय असे दोन्ही अधिकार दिले, आणि ज्या युद्धाने त्याचे नाव झाले ते युद्धही भावाच्याच विस्ताराच्या धोरणातून निघाले. हे सगळे खरे. पण त्याच भावाला, युद्धांचा खर्च परवडेना म्हणून, कंपनीने १८०५ मध्ये परत बोलावले आणि कॉर्नवॉलिसला पाठवले. विजयी गव्हर्नर जनरलला हिशेबावरून हटवू शकणारी संस्था त्यांच्यापाशी होती. बारभाईंच्या वेळी आपल्यापाशीही तिचे बीज होते. ते रुजले नाही. बाजीराव १८१८ पर्यंत गादीवर राहिले आणि त्यांना हटवले ते इंग्रजांनीच.

एवढे वाचून कुणी म्हणेल की हा विजेत्याचा गौरव झाला. तसा हेतू नाही, आणि या चरित्रातली काळी पाने झाकण्याचे कारणही नाही. १५ डिसेंबर १८०३ रोजी गाविलगड पडला तेव्हा आत भयंकर कत्तल झाली, किल्लेदार बेणीसिंह लढता लढता मारला गेला. पुढे १८१२ मध्ये स्पेनमधल्या बादाहोसला त्याच्याच सैनिकांनी मित्रराष्ट्राच्या नागरिकांवर अत्याचार केले. होळकरांच्या आणि दोन्हीकडच्या फौजांनी तुडवलेल्या दख्खनमध्ये १८०३-०४ चा दुष्काळ पडला, तेव्हा अहमदनगरला त्याने उपाशी माणसांना काम देऊन पोटाला घातले, ही गोष्ट त्याच्या बाजूने नोंदवावी लागते. पण दुष्काळाला हातभार लावणाऱ्या युद्धात तोही होता, हे त्याच ओळीत नोंदवावे लागते. ग्वाल्हेरच्या किल्ल्यापेक्षा दिलेल्या शब्दाची किंमत त्याला जास्त वाटे, असे त्याची पत्रे सांगतात, आणि तहाचा अर्थ ताणण्यावरून तो भावाच्या सल्लागारांशी वादही घालतो. तरीही ज्या तहांचा तो शब्द पाळू पाहत होता, ते देवगाव आणि सुर्जी-अंजनगावचे तह त्याने स्वतः लिहवून घेतले होते, आणि त्यांत भोसले-शिंद्यांचे मोठमोठे मुलूख गेले होते. प्रामाणिक जेता हाही जेताच असतो.

त्याच्या राजकीय आयुष्याकडे वळले की हीच मर्यादा उघडी पडते. १८२८ ते १८३० तो पंतप्रधान होता. १८२९ मध्ये कॅथलिकांना पार्लमेंटात बसण्याचा हक्क त्याने मिळवून दिला. आपल्याच पक्षाचा रोष ओढवला, लॉर्ड विंचिल्सीशी द्वंद्वयुद्धापर्यंत पाळी आली. हक्क न दिल्यास आयर्लंडमध्ये यादवी होईल आणि ती परवडणार नाही, असा त्याचा हिशेब होता, आणि तो बरोबर होता. पण १८३० मध्ये मतदानाच्या सुधारणेची मागणी उठली तेव्हा, आहे ती व्यवस्था उत्तम आहे, तिच्यात बदल नको, असे त्याने पार्लमेंटात ठणकावले आणि सत्ता गमावली. लोकांनी त्याच्या लंडनच्या घराच्या खिडक्या फोडल्या, त्याने त्यांना लोखंडी झडपा बसवल्या. मला असईचा सेनापती आणि हा पंतप्रधान यांत एकच माणूस दिसतो. रयतेला लुटू नये, तिला धान्य मिळावे, तिला दिलेला शब्द पाळावा, हे त्याला मनापासून पटत होते. राज्य त्या रयतेचे आहे, ही कल्पना मात्र त्याच्या सरदारी मनाला दख्खनमध्ये शिवली नाही आणि इंग्लंडमध्येही नाही. १४ सप्टेंबर १८५२ रोजी तो वारला तेव्हा त्याला राष्ट्रीय इतमामाने सेंट पॉल चर्चमध्ये पुरले.

बापू गोखल्यांचा शेवट वेगळा झाला. अहमदनगरची पेठ घेतली गेली तेव्हा ते इंग्रजांच्या छावणीत होते. सकाळी येऊन, तट ओलांडून, न्याहारीला परतणाऱ्या या विलक्षण लोकांबद्दल त्यांनी पुण्याला आश्चर्याने लिहिल्याचे एका इंग्रज अधिकाऱ्याने नमूद करून ठेवले आहे. तेच बापू फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीला पेशव्यांसाठी लढत इंग्रजांच्या हातून पडले. या पंधरा वर्षांत त्यांच्या मनात काय घडले, वेलस्लीच्या शेजारी घोडा उभा करून त्यांनी काय शिकून घेतले, हे मराठी वाचकाला वेलस्लीच्या कोणत्याही डावपेचापेक्षा अधिक जाणून घ्यावेसे वाटेल. पण वेलस्लीचा प्रत्येक दिवस आपल्याला कळतो, कारण त्याची पत्रे त्याच्या हयातीतच खंडांमागून खंड छापली गेली. आपल्या बाजूने असे काम वासुदेवशास्त्री खरे यांनी केले. गुहागरला जन्मलेल्या आणि मिरजेत शिक्षकी करणाऱ्या या एका माणसाने पटवर्धनांचे दप्तर तपासून ऐतिहासिक लेखसंग्रहाचे खंड काढले. हे चरित्र हाती घेणाऱ्याने शास्त्रीबुवांचे शेवटचे खंड शेजारी ठेवावेत, म्हणजे एकाच मोहिमेची दोन्ही टोके दिसतील. आणि रत्नागिरी, संगमेश्वर, दापोली, मंडणगड, गुहागर या तालुक्यांतल्या ज्या जुन्या घरांच्या माळ्यांवर अजून मोडी कागदांची बासने असतील, त्यांनी ती वाळवीच्या हवाली न करता पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेला दाखवावीत. त्यांत हर्णैच्या त्या दिवसांची एखादी नोंद असू शकेल.